दोन दिवसांत झील: लोकसंगीताचं पहिलं शिबिर घेणाऱ्या कलावंतांसाठी

तुम्ही गाता, वाजवता, कार्यक्रम करता. कुणीतरी विचारतं, "शनिवार-रविवार आमच्याकडे शिबिर घ्याल का? वीसेक जण असतील, सगळे नवखे." तुम्ही हो म्हणता, आणि मग लक्षात येतं की आपल्याला कुणी असं कधी शिकवलंच नव्हतं. आपण मागे उभं राहून, ऐकून, चुका करून, कधी टपली खाऊन शिकलो. ते सगळं आता दोन दिवसांत कसं बसवायचं?

बसत नाही. दोन दिवसांत शाहीर घडत नाही, गोंधळी घडत नाही. झीलकरी, म्हणजे मागे उभं राहून झील (पुढच्याच्या ओळीचं शेवट उचलणारं पालुपद) म्हणणारा, मात्र घडतो. पुढच्याची ओळ ऐकायची, शेवटचा शब्द झेलायचा, सूर न सोडता उचलायचा, हातातला ठेका चालू ठेवायचा: एवढं नवख्याला दोन दिवसांत नक्की येतं. पोवाडा असो, भारूड असो की जागरण, आपलं बहुतेक लोकसंगीत एक पुढे आणि बाकीचे मागे असंच चालतं. त्यामुळे मागे उभं राहायला शिकवणं म्हणजे कमी शिकवणं अजिबात नाही. पुढचं सगळं नियोजन हे धरूनच केलं आहे.

१. काय शिकवणार नाही, ते आधी ठरवा

दोन दिवसांत चहा, जेवण, उशीर वजा जाता शिकवण्याचे जेमतेम दहा तास हाती येतात. त्यात एक गाणं (मुखडा आणि दोन कडवी), एक ठेका आणि तुणतुण्यावर सूर धरणं एवढंच मावतं. गण, गवळण, लावणी, पोवाडा सगळ्यांची चव देऊ, असं ठरवलंत तर लोक खूश होऊन जातील, पण सोमवारी त्यांना एकही ओळ धड म्हणता येणार नाही.

प्रकार निवडताना:

जात्यावरची ओवी सगळ्यात सोपी. वाद्य लागत नाही, सुरांचा पल्ला छोटा, आणि "मला गाता येत नाही" म्हणणाराही तासाभरात गायला लागतो. ग्रंथातली ओवी साडेतीन चरणांची, जात्यावरची मात्र बहुतेक वेळा दोन ओळींची. हे आधीच सांगून टाका, कारण वर्गात कुणीतरी हात वर करतंच. ओव्या शोधायच्या असतील तर पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया अर्थात 'परी'च्या संकेतस्थळावर जात्यावरच्या ओव्यांचा प्रकल्प आहे. गावोगावच्या बायकांकडून गोळा केलेल्या एक लाखावर ओव्यांचा हा संग्रह. त्यातल्या कितीतरी ओव्या गाणाऱ्या बाईच्या नाव-गावासकट आणि आवाजासकट ऐकायला मिळतात.

भारूड दुसऱ्या क्रमांकावर. झील सोपी, सोंग असल्याने लाजरी माणसंही मोकळी होतात.

पोवाडा अंगात येतो, पण पट्टी चढी आणि गळ्यावर ताण फार. घेतलात तर एकच चौक (पोवाड्याचा एक भाग) घ्या.

गोंधळ-जागरणाबद्दल सांभाळून. हे विधी आहेत. तुम्ही त्या परंपरेतले असाल तर बाहेर काय करायचं आणि काय नाही, हे तुम्हाला माहीत आहे. नसाल तर ज्यांच्याकडून शिकलात त्यांना विचारा. गाणं आणि ठेका शिकवायला हरकत नसते. पण चौक मांडणं (देवाची पूजा मांडणं), दिवटी पेटवणं, तळी भरणं याचा शिबिरात प्रयोग करू नका. आणि चीज (म्हणजे ते गाणं) कुणाकडून आली ते पहिल्याच तासाला नाव घेऊन सांगा.

लावणी पहिल्या शिबिरात नको. ढोलकीचा हात आणि अदा, दोन्हीला दोन दिवस पुरत नाहीत.

एक सापळा इथेच आहे. गावात सगळे गातात म्हणून गाणं पारंपरिक असतंच असं नाही. कितीतरी 'लोकगीतांना' नाव असलेला कवी आणि ध्वनिमुद्रिका असते. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं त्याचा हक्क राहतो. आयोजक शिबिराचा व्हिडिओ टाकणार असतील तर नक्की पारंपरिक असलेलीच चीज घ्या.

२. आयोजकांशी बोलणी आणि कागद

तोंडी बोलणी झाली की त्याच दिवशी सगळं लिहून पाठवा. मोबाइलवरचा साधा संदेशही चालेल, फक्त त्यावर समोरून "मान्य" असं उत्तर घ्या. त्यात हे हवं:

- तारखा, रोजचे तास, जास्तीत जास्त किती शिकणारे
- मानधन किती, कधी, आणि साथीदारांचं वेगळं की त्यातच
- जाण्या-येण्याचं भाडं, वाद्यांसकट (संबळ-ढोलकी घेऊन खच्चून भरलेल्या एसटीत चढणं म्हणजे पुडीचं कातडं फुटायची खात्री)
- राहणं, जेवण
- ध्वनिमुद्रण कोण करणार, कुठे वापरणार
- शिकणाऱ्याच्या हातून वाद्य फुटलं तर भरपाई कोणाची

सोबत पॅन कार्ड आणि बँक पासबुकाच्या पहिल्या पानाची प्रत द्या. संस्था मानधनातून कर कापू शकते. पॅन दिला नसेल तर तो बराच जास्त दराने कापला जातो आणि परत मिळवायला पुढे खेटे घालावे लागतात.

"हलगीवाल्यांचं नंतर बघू" हे वाक्य ऐकलंत तर तिथेच थांबवा. गाणाऱ्याला पाकीट आणि हलगी वाजवणाऱ्याला चहा-नाश्ता, ही रीत कुठून आली ते सगळ्यांना ठाऊक आहे. शिकवणारे दोघेही आहेत, मानधनाच्या कागदावर दोघांची नावं हवीत.

जागा बघून घ्या. गाण्याला खोली चालेल, पण हलगी बंद खोलीत नको, दहा मिनिटांत कान बधिर होतात. उघड्यावर वाजवणार असाल तर रात्री दहाच्या आत आवरा. रात्री १० ते सकाळी ६ ही वेळ ध्वनिप्रदूषण नियमांत येते, आणि ती बंदी फक्त भोंग्यांना नाही, वाद्यांनाही आहे. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्या भोवतीचा १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर केलेला असू शकतो, तेही आधी पाहा.

३. वाद्यं: किती आणि कोणत्या अवस्थेत

वीस जणांना वीस वाद्यं देऊ नका. सगळे एकदम बडवतात, कुणालाच स्वतःचा हात ऐकू येत नाही. वीस जणांमागे एवढं पुरतं:

- दिमड्या (हातात धरायचे छोटे डफ) ८ (बाकीचे मांडीवर वाजवतील, मग पाळी बदलायची)
- तुणतुणी २
- झांजा २ जोड
- हलगी २, टिपरू (जाड काठी) आणि बारीक काडीसकट
- ढोलकी किंवा संबळ १, तेही फक्त तुमच्या किंवा साथीदाराच्या हातात
- पेटी, किंवा फोनवरचा तानपुरा
- तुणतुण्याच्या जादा तारा ४, खडू, सुती फडकी, बोटांना लावायची चिकटपट्टी

दिमडी विकत घेताना कातडं कसलं ते विचारा. जुन्या दिमड्यांना आणि खंजिऱ्यांना घोरपडीचं कातडं असायचं, आणि "आवाज त्यालाच" असं सांगून ते आजही पुढे केलं जातं. घोरपड वन्यजीव संरक्षण कायद्याने (१९७२) संरक्षित आहे. असं वाद्य घेणं-विकणं हा गुन्हा आहे. शेळीच्या कातड्याची घ्या.

हवा दमट असेल तर कातडं सैल पडतं आणि आवाज फदफद येतो. हलगी शेकावी लागते. जाळाच्या वर धरू नका, बाजूला धरा आणि सतत फिरवत राहा. दोन-तीन मिनिटांनी पानावर (ताणलेल्या कातड्यावर) टिचकी मारून बघा. आवाज खणखणीत झाला की लगेच बाजूला. एकाच जागी तापलं तर पान कडेला फाटतं. शिकणाऱ्यांना हे काम देऊ नका, त्यांना मजा वाटते आणि ते लांबवतात. भर पावसाळ्यात शिबिर असेल तर एक फायबरच्या पानाची हलगी जवळ ठेवा. आवाज कोरडा येतो, पण ती सादळत नाही.

तुणतुण्याची खुंटी सरकत असेल तर काढून तिला खडू चोळा आणि पिळत आत दाबून बसवा. सूर नेहमी खालून वर आणत लावा. वरून खाली आणलेला सूर पाच मिनिटांत पुन्हा उतरतो. आणि दर तासाला सूर तपासा, कातडं आणि काठी दोन्ही हवेप्रमाणे हलतात.

४. पट्टी तुमच्यासाठी नाही, त्यांच्यासाठी लावा

शिबिरं सगळ्यात जास्त इथे फसतात. पुरुषांचा गळा साधारण पेटीच्या काळी एक-काळी दोनच्या आसपास सुखात असतो, बायकांचा काळी चार-काळी पाचच्या. मिश्र गटात तुम्ही आपल्या नेहमीच्या चढ्या पट्टीत सुरू केलंत, तर अर्धे पुरुष दुसऱ्या ओळीला गप्प होतात. ते सुरात नाहीत असं नाही, त्यांना पोचता येत नाही एवढंच.

मिश्र गटाला पांढरी चारपासून सुरुवात करा. मुखडा न गाता गाण्यातली सगळ्यात वरची ओळ आधी म्हणून घ्या. मानेच्या शिरा ताणल्या तर अर्धी पट्टी खाली या. बायकांना खर्जात जाणारी ओळ ऐकू येईनाशी झाली तर अर्धी वर. पाच मिनिटांचं काम आहे, आणि ते पहिल्या तासालाच करायचं. शनिवारी दुपारी पट्टी बदललीत तर सकाळचं शिकवलेलं निम्मं पुसलं जातं.

तुमच्या गळ्याला ती पट्टी फिकी वाटेल. वाटू द्या. तुमची मैफल रात्री, जेवणानंतर.

५. शनिवार सकाळ: कागद बाजूला, झील आधी

गाण्याचे छापील कागद आणले असतील तर पिशवीतच ठेवा. हातात कागद आला की मान खाली जाते, आवाज छातीत अडकतो आणि पुढचा काय गातोय ते ऐकणं बंद होतं. "लिहून द्या ना" अशी मागणी दर दहा मिनिटांनी होईल. संध्याकाळी देईन, असं सांगा आणि खरंच द्या.

क्रम असा ठेवा:

पहिली पंधरा मिनिटं फक्त सूर. तुणतुणं चालू, सगळ्यांनी षड्ज (सा) धरायचा, 'जी' या अक्षरावर. तोंड उघडलं की नाही एवढंच बघा.

मग झील. मुखडा नाही, कडवं नाही, फक्त झीलकऱ्यांचा तुकडा. समजावण्यापुरती ही ओळ घ्या: "डोंगराआडून आला वारा". पुढचा ही ओळ म्हणतो आणि मागचे "आला वारा, जी जी रं जी" उचलतात. तुम्ही एकटे ओळ म्हणा, त्यांनी फक्त झील म्हणायची. वीस वेळा, पंचवीस वेळा. अर्ध्या तासात अख्खा गट गाण्याच्या आत असतो, आणि अजून कुणाला गाणं 'आलेलं' नसतं.

इथे प्रत्येक गटात होणारी चूक एकच. लोक पुढच्याची ओळ पूर्ण संपेपर्यंत थांबतात, श्वास घेतात आणि मग झील म्हणतात. मध्ये खड्डा पडतो आणि गाणं खाली बसतं. झील शेवटचा शब्द संपायच्या आत उचलायची असते, म्हणजे श्वास त्याच्याही आधी, 'आडून'वरच घेऊन ठेवायचा. हे तोंडी सांगून कळत नाही. हाताने दाखवा: 'आडून'ला तळहात वर (श्वास), 'वारा'च्या 'वा'ला हात खाली (उचला). दहा वेळा हात दाखवा, मग न सांगता हात दाखवणं बंद करा. जे अजूनही वेळेवर उचलतात ते ऐकताहेत. जे अडखळतात त्यांना मध्ये उभं करा, कडेला नको.

झील पक्की झाली की मुखडा, एकेक चरण, पाठीमागून म्हणून. एक चरण चार वेळा, दुसरा चार वेळा, मग दोन्ही जोडून. तिसऱ्या चरणाला पहिला विसरला जातो. तेव्हा मागे जा, चिडू नका.

भाषा सुधारू नका. 'न्हाई', 'रं', 'गं', 'व्हता' हे जसं आहे तसंच राहू द्या. शहरी गटात कुणीतरी हमखास 'नाही' असं शुद्ध म्हणतं आणि मात्रा तुटते. त्याच वेळी कळत नसलेल्या शब्दांचा अर्थ लगेच सांगा. अर्थ कळला नाही की माणूस शब्द गुळमुळीत म्हणतो.

सलग पंचेचाळीस मिनिटांपेक्षा जास्त गाऊन घेऊ नका. पोवाडा असेल तर वीस मिनिटांनी थांबा. उत्साहात ओरडलेला गळा रविवारी सकाळी बसलेला असतो, आणि मग कोमट पाण्यानेही लगेच सुटत नाही.

६. शनिवार दुपार: हात

जेवणानंतर गायन नको, सुस्ती येते. वाद्यं काढा.

ठेका आधी तोंडात. आठ मात्रांचा केरवा घेतलात तर "धागेनाति नकधिन" सगळ्यांनी टाळी देत म्हणायचं, आठ मात्रांना साधारण सहा सेकंद अशा चालीत. तुमच्या गुरूंनी दुसरे बोल दिले असतील तर तेच द्या. बोल घराघराला वेगळे असतात आणि ते जपणं पुस्तकातल्या बोलांपेक्षा मोलाचं आहे. तोंडात बसल्याशिवाय वाद्य हातात द्यायचं नाही. मग मांडीवर. मग दिमडी.

दिमडी डाव्या हातात धरून उजव्या बोटांनी वाजवायची. पहिल्या दिवशी दोनच आघात: कडेजवळ बोटं लावून लगेच उचलली की खुला आवाज, मधोमध दाबून ठेवली की बंद. नवखे बोटं उचलतच नाहीत, म्हणून सगळे आघात बंद येतात आणि त्यांना वाटतं वाद्य खराब आहे. "तव्यावर बोट लागलं तसं उचला" म्हटलं की कळतं. दुसरी चूक डाव्या हाताची: भीतीने दिमडी आवळून धरतात, मनगट दुखतं आणि कातड्याची आस (घुमारा) गुदमरते.

वीस मिनिटं वाजवलं की दहा मिनिटं विश्रांती. बोटांची टोकं लाल होतात, सुजतात. अंगठ्या काढायला लावा, कातडं फाटण्याचं ते पहिलं कारण.

हलगी ज्यांना हवी त्यांनाच, दोघा-दोघांच्या पाळीने, बाहेर. उजव्या हातातलं जाड टिपरू चाल सांगतं, डाव्या हातातली बारीक काडी कडेवर थरथरते. नवखा दोन्ही हातांनी सारखंच जोरात मारतो. आधी पंधरा मिनिटं फक्त टिपरू. काडीची थरथर दोन दिवसांत येत नाही, तसं स्पष्ट सांगा.

तुणतुण्याला लोक हलकं समजतात, 'एकच तर तार'. म्हणून ते ज्याला काही जमत नाही त्याच्या हातात दिलं जातं. उलट करा. सगळ्यात स्थिर माणूस निवडा. तुणतुणेवाला गायला लागला की त्याचं बोट थांबतं, ही ठरलेली अडचण. त्यावर सराव सोपा आहे: तार छेडत असताना त्याला नाव, गाव, सकाळी काय खाल्लं ते विचारा. उत्तर देताना बोट थांबलं नाही की तो तयार. गमतीचा भाग म्हणजे हा सराव बघायला सगळा गट गोळा होतो.

झांज सगळ्यात शेवटी द्या. आधी दिलीत तर दिवसभर दुसरं काही ऐकू येणार नाही.

७. शनिवार संध्याकाळ

आता कागद वाटा. त्यावर शब्द, कठीण शब्दांचे अर्थ, झील कुठे उचलायची त्याची खूण आणि चीज कुणाकडून आली ते. स्वरलिपी देऊ नका. ज्यांना वाचता येते ते कागदाला चिकटतात, ज्यांना येत नाही ते घाबरतात.

सरावासाठी चार छोटी ध्वनिमुद्रणं स्वतः करून पाठवा: संथ गायन, नेहमीच्या लयीत गायन, नुसता ठेका, नुसतं तुणतुणं. प्रत्येकी दोन मिनिटं पुरे. लोकांनी दिवसभर वीस फोनवर केलेली मुद्रणं कुणी पुन्हा ऐकत नाही, आणि त्यातलं एखादं अर्धवट गाणं तुमच्या गुरूंच्या नावाने कुठेतरी फिरायला लागतं. सकाळीच सांगून ठेवा: फोन खिशात.

जेवणानंतर तुम्ही आणि साथीदार तासभर गा. शिकवलेलं गाणं पूर्ण लयीत, पूर्ण पट्टीत. झील त्यांना उचलू द्या.

८. रविवार: जोडकाम

सकाळी पहिल्या अर्ध्या तासात रात्रभरात काय उरलं ते कळतं. नवं काही देऊ नका. दुसरं कडवं हवंच असेल तर अकरापर्यंत, त्यानंतर नाही.

मग गाणं आणि ठेका एकत्र. हे एकदम जुळत नाही. आधी गट दोनात विभागा, अर्धे गातील, अर्धे वाजवतील; मग अदलाबदल. शेवटी ज्यांना जमतंय त्यांनीच दोन्ही करायचं. तोंडाने झील उचलताना हातातली सम (पहिली मात्रा) हुकते, तेव्हा हात सोपा करा: फक्त पहिल्या आणि पाचव्या मात्रेला आघात.

लय वाढणं हा दुसरा आजार. लोकसंगीतात लय शेवटी चढतेच, पण ती पुढच्याने चढवायची असते, मागच्यांनी नाही. दिमडीवाले पळायला लागले की थांबवून बोलू नका. तुम्ही स्वतः गाणं थांबवा आणि नुसती टाळी द्या. ते दोन आवर्तनांत परत येतात. थांबवून समजावलंत तर पुढच्या वेळी घाबरून मागे ओढतात.

दुपारी प्रत्येकाला एकदा पुढे उभं करा, एका ओळीपुरतं. बाकीचे झील देतील. मागे भक्कम झील असली की एकटी ओळ म्हणणं किती सोपं जातं, ते तिथे उभं राहिल्यावरच कळतं. नको म्हणणाऱ्याला आग्रह करू नका.

शेवटी सादरीकरण ठेवायचंच असेल तर दहा मिनिटांचं, उभ्याने, ध्वनिक्षेपकाशिवाय. आयोजकांना फेटे आणि भंडारा उधळायचा असतो. फेट्यांना हरकत नाही, पण बांधायला माणशी पाच मिनिटं धरा आणि तो वेळ सरावातून जातो हे त्यांना सांगा. भंडारा दिमडीच्या कातड्यात आणि तुणतुण्याच्या पोकळीत जातो, तो नको.

९. निघण्याआधी

वाद्यं मोजून घ्या, टिपऱ्या आणि काड्या वेगळ्या मोजा, त्या हमखास लोकांच्या पिशवीत जातात. मानधन ठरल्याप्रमाणे मिळालं का ते साथीदारांसमोर बघा. तुणतुण्याची तार दोन फेरे सैल करा, ढोलकीच्या कड्या उतरवा, कातडी वाद्यं कोरड्या सुती फडक्यात गुंडाळा. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधू नका, आत ओल धरते. गाडीत काचेमागच्या उन्हात ठेवलेली पुडी घरी पोचेपर्यंत तडकते, म्हणून वाद्यं सीटखाली ठेवा.